हवामान, वातावरण, जलवायू की हवापाणी?

वाईहून प्रश्न:
शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी 'क्लायमेट चेंज' हा विषय द्यायचा आहे. केंद्राच्या मराठी पत्रकांत 'हवामान बदल' असतं. आपल्या राज्याच्या खात्याचं नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग'. दिल्लीच्या मंत्रालयाला २०१४ पासून हिंदीत 'जलवायु परिवर्तन' जोडलंय. फलकावर काय लिहू?

साताऱ्याहून:
सर, 'वातावरणीय' नको. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचा हवेचा थर. शिवाय आपल्याकडं निवडणुकीत 'वातावरण तापतं', मुलं भलतीकडंच जातील.

'हवामान' रूढ आहे, पण त्याच्यावर दोन अर्थांचं ओझं आहे. तापमान, पाऊसमान तसं हवामान, यातला 'मान' म्हणजे माप. आज ढगाळ, उद्या कोरडं, हे त्या शब्दाचं काम. क्लायमेट म्हणजे एखाद्या मुलखाचा कायमचा स्वभाव. जागतिक हवामान संघटना त्यासाठी ३० वर्षांची सरासरी धरते. हा भेद समजायला आपल्या जिल्ह्याबाहेर जायला नको. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. एखाद्या दिवशी दोन्हीकडं आभाळ सारखंच भरून येईल. म्हणजे हवामान एकच, पण मुलूख अगदी वेगळे.

त्या वेगळेपणाला आपल्या आज्या 'हवापाणी' म्हणायच्या. 'पाचगणीचं हवापाणी मानवलं', 'तिकडचं हवापाणी सोसलं नाही.' यात आजचा पाऊस नाही, मुलखाचा गुण आहे. फारसीतून आलेला 'आबोहवा' म्हणजे पाणी आणि हवा, 'जलवायू'ही तेच. मग आपला शब्द घरात असताना जलवायू उसना कशाला घ्यायचा? मला 'हवापाण्यातला बदल' मनापासून आवडतो आणि तो चालवावा असं वाटतं.

तासगावहून:
दादांचं पटतं. आमच्या द्राक्षबागांना 'हवामान आधारित फळपीक विमा' आहे. तिथं हवामान म्हणजे त्या त्या दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता. आणि 'हवामान बदल' म्हणजे अनेक दशकांची गोष्ट. शब्द एक, सरकारी कागदही एकाच टेबलावर. मग जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की कुणीतरी म्हणतंच, 'कुठाय ती तापमानवाढ?' हा घोळ निम्मा शब्दानं केलाय असं मला वाटतं.

पण 'हवापाणी' धोरणाच्या भाषेत बसेल का? भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान बदल परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्या बातमीत 'हवापाणी धोरण' वाचताना लोक अडखळतील.

साताऱ्याहून:
ताई, अडखळतील, खरंय. 'हवामान धोरण' वाचूनही ते वेधशाळेचं धोरण वाटतं, त्याचं काय? 'संगणक' पण असाच नवा होता, वापरून वापरून रुळला. बातमीत आज तरी 'हवामान बदल' राहू दे. बोलण्यात, शाळेत, ग्रामसभेत मात्र 'हवापाणी' येऊ द्यावं, तिथं तो शब्द अजून जिवंत आहे.

वाईहून:
फलकावर 'हवामान बदल' लिहितो आणि खाली 'आपल्या गावचं हवापाणी कसं बदलतंय?' असा उपप्रश्न देतो. आजीआजोबांना विचारून यायला सांगतो.

तासगावहून:
सर, पाऊस कधी लागायचा ते नक्षत्रानं विचारायला सांगा. तारखा त्यांना आठवणार नाहीत, मृग-आर्द्रा बरोबर आठवतील.