मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन अप्पर कॅनडा व्हिलेज, टोरांटोहून एका दिवसात जमेल का?

मंडळी नमस्कार, आईबाबा सध्या आमच्याकडे टोरांटोला आलेत. नायगारा झाला, सीएन टॉवर झाला, मॉलला आता बाबा येतच नाहीत, "हे पुण्यात पण आहे" म्हणतात. म्हणून जुनी वस्ती दाखवावी असं ठरवलं. ब्लॅक क्रीक आम्हाला जवळ, पायोनियर व्हिलेज नावाचं सबवे स्टेशनच आहे, तिथे साधारण १८६० च्या काळातलं खेडं उभं केलंय, नेऊन आणायला सोपं. पण बाबांनी मॉरिसबर्गच्या अप्पर कॅनडा व्हिलेजबद्दल ऐकलं आणि आता तेच धरून बसलेत.

कारण असं की आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. बाबांनी तेव्हा घराचे वासे, दारं, पत्रे काढून ट्रॅक्टरमधून नव्या गावठाणात नेलेत. आणि इकडे सेंट लॉरेन्स नदीवर जहाजांचा मार्ग आणि वीज प्रकल्प करताना १ जुलै १९५८ ला बांध उडवून पाणी सोडलं, काठची गावंच्या गावं बुडाली, साडेसहा हजारांच्या आसपास माणसं उठवली. त्याआधी शेकडो घरं अख्खीच्या अख्खी मोठ्या गाड्यांवर चढवून नवीन गावांत नेली, आणि निवडक जुन्या इमारती एकत्र करून हे व्हिलेज १९६१ ला सुरू झालं. घर न मोडता हलवलं हे ऐकल्यापासून बाबांचं एकच, "पाया कसा सोडवला असेल रे?" मला काय माहीत, मी आयटीवाला.

आईला त्यात तसा रस नाही, पण पाण्यावर चालणारी लोकरीची गिरणी आणि सॉ मिल अजून चालू करून दाखवतात म्हटल्यावर तीही तयार झाली. पिठाच्या गिरणीतल्या पिठाचा ब्रेड तिथल्याच बेकरीत भाजतात म्हणे, तो मिळतो का विकत?

तर आता प्रश्न. एका बाजूने साडेतीनशेच्या वर किलोमीटर, ४०१ हायवेचं ट्रॅफिक सगळ्यांना माहितीये, एकाच दिवसात जाऊन येणं म्हणजे वेडेपणा ना? का ऑटावाला मुक्काम करावा, तिथून तासाभराचं अंतर दिसतंय. बाबांचा गुडघा दुखतो, अर्धा तास सलग चालले की बसावं लागतं, आतले रस्ते खडीचे आहेत का, व्हीलचेअर ढकलता येते का, मध्ये बसायला बाकं असतात का? आई अंडंही खात नाही. आत विलर्ड्स हॉटेलमध्ये जेवण मिळतं असं वाचलं, पण तिच्यासारखं काही असतं का? दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही नेणारच आहोत, फक्त कुठे बसून खाऊ देतात तेवढं सांगा.

आणि शेवटचं, लाँग सॉल्टजवळ बुडालेल्या गावांचं वेगळं छोटं म्युझियम आहे, ते त्याच दिवशी उरकतं का? पाणी उतरलं की जुन्या घरांचे पाये उघडे पडतात असंही कळलं, आमच्याकडे उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ दिसतं तसं. ते नेमकं कुठल्या महिन्यात? कारण बाबा ऑक्टोबरअखेर परत जाणार आणि तिकीट बदलायला तयार नाहीत. ऑटावा-कॉर्नवॉल बाजूचं कुणी असेल तर प्लीज सांगा, येत्या लाँग वीकेंडचं हॉटेल आजच बुक करायचंय.