थोरले बंधू म्हणतात बहिणीला हक्क नाही: खानापूर तालुक्यातील जमिनीच्या वाटणीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमचे गाव कर्नाटकातील खानापूर तालुक्यात आहे. आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. अक्काचे लग्न १९८९ साली चंदगड तालुक्यात झाले. वडील १९९७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले, आणि २००९ मध्ये आई गेली. आता अण्णांना, म्हणजे थोरल्या बंधूंना, रस्त्याला लागून असलेली जमीन विकायची आहे, आणि त्या निमित्ताने अक्काच्या हिश्श्याचा विषय घरात पहिल्यांदाच उघडपणे निघाला.

मिळकती तीन आहेत. साडेचार एकर भातशेती पणजोबांपासून चालत आलेली आहे. आजोबा १९६४ साली वारले. आजी त्यांच्या आधीच गेली होती आणि वडील हे त्यांचे एकुलते अपत्य. रस्त्याकडेची दोन एकर जमीन वडिलांनी १९७९ साली, सैन्यातून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून घेतली आणि खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावे आहे. राहते घर आजोबांनी बेळगावात नोकरी करून साठवलेल्या पैशांतून बांधले.

अण्णांच्या मते हे सगळेच वडिलोपार्जित आहे, आणि कर्नाटकात ३० जुलै १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा नाही. शिवाय २००३ साली आम्ही दोघा भावांनी तलाठ्याकडे वर्दी देऊन पहाणीवर (जमिनीच्या महसुली उताऱ्यावर) निम्म्या-निम्म्या जमिनीला आपापली नावे लावून घेतली. वाटणीपत्र नोंदवलेले नाही. त्या वेळी अक्काची सही एका स्टँप पेपरवर, कन्नड मजकुराखाली घेण्यात आली. तिला कन्नड वाचता येत नाही. मला येते, त्यात ‘हक्क सोडला’ असे लिहिले आहे हे कळत असूनही मी गप्प राहिलो, आणि ती गोष्ट तेव्हापासून मला टोचत आली आहे.

अण्णा म्हणतात, ‘तुला एवढे वाटते तर तुझ्या निम्म्यातून दे.’ मी देईनही, पण मग ते माझे देणे ठरेल. ते तिचे स्वतःचे आहे का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण तिन्ही मिळकतींचा उगम वेगवेगळा सांगितलात हे फार चांगले केलेत, कारण ‘आजोबांकडून आले ते सगळे वडिलोपार्जित’ या समजुतीमुळेच अशा घरांत मुलींचा हिस्सा बुडतो.

आधी दोन एकरांचे पाहू. सैनिकाने आपल्या नोकरीच्या पैशांतून घेतलेली जमीन ही त्याची स्वकष्टार्जित मिळकत. ती एकत्र कुटुंबाची आहे असे अण्णांना म्हणायचे असेल, तर १९७९ साली भातशेतीतून खरेदीला पुरेल एवढी शिल्लक पडत होती हे आधी त्यांना दाखवावे लागेल. मृत्युपत्र नसल्याने हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळाला. मुलीचा हा समान वारसा १७ जून १९५६ पासून आहे आणि तिच्या लग्नाच्या तारखेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आईचा हिस्साही पुढे तिघांत विभागला गेल्याने आज अक्काचा वाटा एक तृतीयांश होतो. घराचेही तेच. आजोबांची ती स्वतःची कमाई होती आणि ते १९५६ नंतर वारले, म्हणून चंदर सेन खटल्यातील १९८६ च्या निकालाप्रमाणे ते घर वडिलांच्या हाती त्यांची स्वतंत्र मिळकत म्हणून आले.

भातशेती मात्र खरोखरच वडिलोपार्जित आहे, आणि १९९४ च्या कर्नाटक दुरुस्तीबद्दल अण्णा सांगतात ते त्या दुरुस्तीपुरते खरे आहे. परंतु वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणाऱ्या ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट नाही. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी अबाधित राहते, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली असावी लागते. तोंडी वाटणी केवळ अपवादात्मक परिस्थितीत, भक्कम सार्वजनिक कागदपत्रांच्या आधारे मानली जाते. अण्णा २००३ च्या पहाणीवर बोट ठेवतील हे गृहीत धरा. मात्र वर्दीवरून झालेली नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही.

आणि जुना कायदा धरला तरी ‘काहीच नाही’ हे उत्तर चूकच ठरते. गुरुपाद मगदूम खटल्यातील १९७८ च्या रीतीने वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी कल्पित वाटणी करायची: वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. वडिलांच्या हिश्श्यातून अक्काला एक सोळांश येतो. आईच्या वाट्याला एकूण पाच सोळांश आले, त्याचा तिसरा भाग २००९ मध्ये अक्काचा झाला. बेरीज एक षष्ठांश होते. आजच्या कायद्याने भातशेतीतही एक तृतीयांश.

स्थावर मिळकतीवरील हक्क सोडल्याचा कागद नोंदणीशिवाय प्रभावी ठरत नाही, त्यामुळे त्या स्टँप पेपरला फार घाबरू नका. उशीर मात्र करू नका. आपल्याला डावलले गेले हे कळल्यापासून दाव्यासाठी १२ वर्षांची मुदत असते. विक्री होण्यापूर्वी तिघांच्या सह्यांचे नोंदणीकृत वाटणीपत्र झाले तर सर्वांत उत्तम. अण्णा तयार नसतील तर वाटणीचा दावा आणि विक्रीला तात्पुरती मनाई मागावी. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येईल.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती: २००३ च्या त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. मजकूर अक्काला कोणीही वाचून दाखवला नव्हता, हे न्यायालयात शपथेवर सांगण्याची माझी तयारी आहे. सोमवारी खानापूरला जाऊन १९६४, १९९७ आणि २००३ चे फेरफार व १९७९ च्या खरेदीखताची नक्कल मागतो. त्याआधी आज रात्री अक्काला फोन करून त्या कागदात काय लिहिले होते ते सांगणार आहे.