आजी, काजूचे भाट आणि वसंताची वही: नोंद नेमकी कशाची ठेवावी?

प्रश्न: सत्तरीचा विद्यार्थी

सर्वांना नमस्कार. मी पणजीतील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आमचे घर सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. आठवडाभर पणजीत खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारी कदंबच्या बसने घरी जायचे आणि सोमवारी पहाटे परतायचे, असा क्रम गेले दीड वर्ष चालू आहे. घरामागे आमचे काजूचे भाट, म्हणजे डोंगरउतारावरची बाग, आहे आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत घरातली सगळी माणसे त्याच्याच मागे असतात.

गेल्या वर्षापर्यंत आजी रोज सकाळी पाटी घेऊन डोंगर चढत असे. यंदा तिच्या गुडघ्यांनी ते बंद केले. आता ती सोप्यावर बसून असते आणि मी शनिवारी दारात पोहोचलो की हातपाय धुण्याआधीच विचारते, "खालच्या वळणावरच्या झाडाला बोंडू धरले का?" बोंडू म्हणजे काजूच्या बीला लागून असलेला रसाळ भाग. पहिल्या शनिवारी मी "धरले असतील" असे म्हणालो. तिने पुढे काही विचारले नाही आणि तेच मला फार लागले. त्याच झाडाखालून मी चालत आलो होतो, पण मान वर करून पाहिले नव्हते.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. पण तिच्यात जे लिहिले आहे ते सगळे एकसारखे वाटते: मोहोर सुंदर होता, कोकीळ ओरडत होता, संध्याकाळी वारा छान सुटला होता. हे आजीला वाचून दाखवले तर झाडाची स्थिती तिला काडीचीही कळणार नाही. म्हणून आपणा जाणत्यांना विचारतो की, आठवड्यातून दीड दिवस मिळत असताना नोंद कशाची ठेवावी आणि मधल्या दिवसांचे काय करावे? दुसरे असे की, नावे कोणती लिहावीत? आजी ज्यांना चुन्नां म्हणते ती पांढरी रानफळे मराठी पुस्तकात तोरण या नावाने आहेत, आणि शास्त्रीय नाव आणखी तिसरेच. शिवाय एप्रिलमध्ये सत्र परीक्षा आहे आणि शिगम्याला तीन मित्र घरी येणार आहेत, तेव्हा या साऱ्याला वेळ कसा पुरवावा, हाही प्रश्न आहेच.

उत्तर: निवृत्त शिक्षक, फोंडा

तुझा प्रश्न वाचून बरे वाटले. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले, त्या सवयीने एकेरीत लिहीत आहे, राग मानू नये.

तुझ्या आजीने विचारलेल्या प्रश्नातच तुझे उत्तर आहे. तिने वसंत कसा आहे असे विचारले नाही. एका ठरावीक जागेवरच्या एका ठरावीक झाडाला बोंडू धरले का, असे विचारले. तूही तसेच कर. भाटातली तीन झाडे निवड, त्यांच्या बुंध्याला सुतळी बांध आणि दर रविवारी सकाळी त्याच वेळी त्यांच्याखाली उभा राहा. कोवळी पाने, मोहोर, हिरवी बी, पिकलेला बोंडू यांसाठी एकेक रकाना पुरे, आणि प्रत्येकात "नाही", "थोडे" किंवा "पुष्कळ" यांपैकी एकच शब्द लिही. सीझनवॉच नावाचा देशव्यापी उपक्रम आहे, त्यातही विद्यार्थी आणि सामान्य माणसे आपले झाड निवडून दर आठवड्याला जवळजवळ अशाच नोंदी करतात. तुझ्या नोंदी तिथेही देता येतील.

काजूचा घोस हातात धरून जवळून पाहा. बोंडू आधी आणि बी नंतर, असे शहरातल्या पुष्कळ लोकांना वाटते. प्रत्यक्षात खरे फळ म्हणजे ती बीच. ती आधी हिरवी, मूत्रपिंडाच्या आकाराची होऊन पुरती वाढते आणि मग तिचा देठ फुगू लागतो. तो फुगलेला देठ म्हणजे बोंडू. एकाच घोसात नुसती फुले, वाटाण्याएवढी बी, पूर्ण वाढलेली बी आणि पिवळा किंवा लाल बोंडू अशा सगळ्या अवस्था एकदम सापडतात, म्हणून "मोहोर सुंदर होता" या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

मधल्या दिवसांसाठी पणजीतलेच एक झाड घे. चर्च चौकाजवळ जे उद्यान आहे त्याला गार्सिया द ऑर्ता याचे नाव आहे, आणि नावांविषयीच्या तुझ्या शंकेचे उत्तर देण्यास याच्याइतका योग्य माणूस नाही. या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापून घेतला, आणि एकेका वनस्पतीला कोणते लोक काय म्हणतात हे त्याने विचारून विचारून लिहून ठेवले. तूही तीनही नावे लिही, मात्र आजीचे नाव पहिले लिही, कारण बाकीची दोन पुस्तकात केव्हाही मिळतील.

आणखी एक. ऑर्ताच्या ग्रंथात काजू नाही; पुढे 1578 साली क्रिस्तोव्हाव द कोस्ता याच्या ग्रंथात मात्र तो येतो, आणि ब्राझीलचे हे झाड आपल्याकडे केव्हा आले असावे याचा विचार करताना अभ्यासक या दोन वर्षांकडे बोट दाखवतात. नोंदीत काय नाही हेही पुढे कुणाच्या तरी कामी येते. म्हणून रिकामा रकाना कधीही सोडू नकोस. झाड पाहिले आणि मोहोर नव्हता तर "नाही" असे लिही. झाडापाशी गेलाच नसशील तर "पाहिले नाही" असे लिही. या दोहोंत फार अंतर आहे.

उत्तर: पेडण्याची एक वाचक

सरांनी झाडांविषयी सांगितले आहे, मी आजीविषयी लिहिते.

तुम्ही डोंगरावरून काय पाहून आलात हे तिला वाचून दाखवण्यापेक्षा एक छोटा घोस तिच्या मांडीवर आणून ठेवा. माझ्या सासूबाईंना शेवटची तीन वर्षे नीट दिसत नव्हते. मार्चमध्ये सुरंगी फुलली की मी पहाटे फांदीवरच्या कळ्या खुडून, वळेसर म्हणजे गजरे करण्याआधी त्यांच्या ओंजळीत घालत असे. सुरंगीची फुले जुन्या फांद्यांना चिकटून येतात आणि झाडावर हुमले म्हणजे तांबड्या मुंग्याही पुष्कळ असतात, त्यामुळे एखादा हुमला कळ्यांबरोबर यायचाच. तो बोटांना लागला की त्या म्हणायच्या, यंदा झाड चांगले भरले आहे. कळ्या बोटांत फिरवून त्या आज उमलतील की उद्या, हे त्या अचूक सांगत. ते कसे ओळखता, हे मी एकदाही विचारले नाही, आणि आज दर मार्चला त्याची चुटपुट लागते. तुम्ही विचारा. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. शुद्ध मराठीत आणू नका.

घरात चालते तेही वसंतातलेच काम आहे, त्याला वहीत जागा द्या. एप्रिलअखेरीस भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, पिकू लागली की सोलांचे, म्हणजे त्यांच्या वाळवलेल्या सालींचे, काम निघते. साली फोडून उन्हात घालायच्या, मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवायच्या आणि परत वाळवायच्या, आणि हे सारे पहिला पाऊस येण्याआधी उरकायचे. बियांचे भिरंडेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, होते, ते पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लागते. मिरच्या, सोले, फणसाची साटे असा सगळा पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, ज्या दिवशी अंगणात पसरला जातो, तो दिवस तुमच्या आईला आणि आजीला नक्की आठवत असेल. यातले बहुतेक काम बसून करता येते, म्हणजे आजीचा हातही त्यात असणार.

उत्तर: डिचोलीचा वाचक

शिगम्याविषयी थोडेसे. आमच्या आणि तुमच्या भागात व्हडलो म्हणजे मोठा शिगमो पौर्णिमेपासून सुरू होतो, म्हणून घरातली वडीलधारी माणसे झाडांचा हिशेबही होळीशी जोडून सांगतात: होळीआधी अमुक फुलले, होळीनंतर तमुक पिकले. वहीत इंग्रजी तारीख आणि तिथी दोन्ही लिहा. 2024 मध्ये होळी 24 मार्चला पेटली, 2025 मध्ये 13 मार्चला. तिथी वर्षाला सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. झाड मात्र ऊन, थंडी आणि ओलावा यांच्या हिशेबाने चालते. दोन्ही लिहिले नाही तर पाच वर्षांनी आजीचे म्हणणे आणि तुमची तारीख यांचा मेळ बसणार नाही.

मित्र येणार आहेत त्यांना मांडावर, म्हणजे शिगम्याच्या विधीच्या पवित्र जागेवर, पायताण काढायला आणि विधी चालू असताना फोटो काढण्याआधी विचारायला सांगा. आणि भाटातला पाचोळा जाळून जागा साफ करण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर बाबांशी शांतपणे बोला. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा आम्ही रात्री डोंगरावर ज्वाळांची रेघ पाहिली आहे. ते दृश्य विसरता येत नाही. झाडाखालचा पाचोळा ओढून बुंध्याभोवती घातला तर ओलही टिकते.

उत्तर: मडगावची विद्यार्थिनी

परीक्षेची चिंता नको. आम्ही चौघी मैत्रिणी बुधवारी वर्गाआधी अर्धा तास कॉलेजच्या आवारातल्या एका सावरीच्या झाडाखाली उभ्या राहतो. एकजण लिहिते, बाकीच्या पाहतात आणि मोबाईल पिशवीत असतात. पानझड झाल्यामुळे फांद्या मोकळ्या दिसतात, लाल फुलांवर मैना आणि बुलबुल उतरतात, आणि वाळक्या फांदीवर बसून तांबट टुक टुक करत असतो. तो दिसायला मला तीन बुधवार लागले. अर्ध्या तासाने अभ्यास बुडत नाही, उलट त्या दिवशी वर्गात लक्ष अधिक लागते, हा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता: सत्तरीचा विद्यार्थी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कालच्या रविवारचे लिहितो.

मित्र शनिवारीच आले होते. सकाळी साडेसहाला आम्ही बाबांबरोबर भाटात गेलो. रात्री गळून पडलेले बोंडू वेचायचे, पिळ देऊन बी वेगळी करायची आणि बोंडू डब्यात टाकायचे. एका मित्राने हिरवी बी दाताने फोडून पाहायचे ठरवले, तेव्हा बाबांनी धावत येऊन त्याचा हात धरला, कारण कवचातला चीक ओठांची कातडी सोलून काढतो. नंतर भट्टीपाशी दगडाखाली दाबलेल्या चोथ्यातून थेंब थेंब गळणारा नीरो, म्हणजे बोंडूंचा ताजा रस, सर्वांनी वाटीवाटीने घेतला. पणजीच्या मित्राने तो पहिल्यांदाच चाखला आणि दुसरी वाटी स्वतःहून मागितली. डोंगराच्या कडेला कुसुंबाला तांबडी लाल पालवी फुटली आहे. ती फुलेच आहेत, अशी आम्हा चौघांची खाली उभे राहीपर्यंत खात्री होती. पाचोळ्याविषयी बाबांशी बोललो. त्यांनी लगेच होकार दिला नाही, पण वळणावरच्या तीन झाडांखाली तसे करून पाहू, असे म्हणाले.

खालच्या वळणावरच्या झाडाचा एक घोस मी आजीसाठी आणला. तिने तो मांडीवर घेतला, चष्मा न लावता एकेक बी अंगठ्याने दाबून पाहिली आणि सात मोजल्या. त्यांतल्या दोनच बियांखालचा देठ फुगू लागला होता. सरांनी सांगितलेली गोष्ट मी मोठ्या उत्साहाने तिला सांगायला लागलो, तर तिने मान वर न करता म्हटले, "बी पयलीं, बोंडू मागीर." हे वाक्य तसेच वहीत उतरवले आहे. कडक झालेल्या दोन बियांचे बोंडू आठ दिवसांत उतरतील आणि बाकीचे त्यानंतर, हेही तिनेच सांगितले; त्याच्यापुढे तारीख आणि तिथी घातली आहे.

मग तिने विचारले, "आणि वरच्या पाणंदीकडच्या झाडाचे?" मित्रांच्या गडबडीत मी तिथपर्यंत गेलो नव्हतो. तसे तिला सांगितले आणि त्या रकान्यात तिच्यासमोरच "पाहिले नाही" असे लिहिले.