मदत हवी आहे: पोलो जीटी टीएसआयला कोणते टायर टाकू?

नमस्कार मंडळी. माझी जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, कंपनीचा साइज १८५/६० आर १५ (म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची). नक्षी अजून बरी आहे, पण परवा गाडी धुताना डाव्या पुढच्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा दिसला. बाकीच्यांवर बारीक भेगा. टायरवरचा तारखेचा कोड बघितला तर २३१८, म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल! चारही बदलणार, ते नक्की.

दुकानदार म्हणतो, "२०५/५५ टाका की ओ, काय होत नाही, गाडी चिकटून पळते." मी घरी हिशोब मांडला. मूळ टायरचा व्यास ६०३ मिमी, २०५/५५चा साधारण ६०६, म्हणजे फरक नगण्य. १९५/६०चा ६१५ भरतो, दोन टक्के जास्त, म्हणजे मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ला असेल. पण बाजूची भिंत ११७ मिमी मिळते, मूळची १११ आहे. आपल्या खड्ड्यांत तेवढाच आधार. १६ इंची रिमचा खर्च आत्ता नको.

वापर म्हणाल तर रोज सोलापुरातला होटगी रोड, महिन्यातून दोनदा पुणे हायवे. उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत डांबर तापलेलं असतं. मऊ रबराचा टायर पकड देतो, पण इथे लवकर झिजेल का? पहिल्या पावसात ब्रेक लागणं मला जास्त महत्त्वाचं. (आवाज झाला तर गाणी मोठ्याने लावू.)

१९५/६० टाकलेल्यांपैकी कुणाचा टायर वळण घेताना आतल्या लायनरला (चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला) घासतो का? आणि अ‍ॅव्हरेज कितीने पडलं?