जिन्यात तीन आठवडे पडलेली सुटकेस

आमच्या 'घरचे' ग्रुपवर शनिवारी रात्री आईने एक प्रश्न टाकला आणि रविवार रात्रीपर्यंत त्यावरून अमेरिकन विनोदी कौटुंबिक मालिकांवरच बोलणं चाललं. बाबांना त्यांची भावंडं अण्णा म्हणतात आणि आईला वहिनी; काकू आईला ताई म्हणते. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी चिऊ न्यू जर्सीत एडिसनला असतात. नावं माझ्या फोनमध्ये आहेत तशीच ठेवली आहेत.

आई: 'एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड' आज संपलं. नऊ सीझन, २१० भाग! एडिसनला थंडीत घरात बसून सुरू केलं होतं, इथे येऊन पुरं केलं. जेवणं आटपली की रोजचे दोन भाग ठरलेले. आता टीव्हीसमोर बसून काय लावायचं सुचत नाहीये. सांगा काहीतरी चांगलं.

काका: वहिनी, 'मॉडर्न फॅमिली' लावा. ११ सीझन, २५० भाग. रोजचे दोन धरले तर चार महिन्यांची सोय झाली.

काकू: अहो, आधी ताईंना रेमंडमध्ये काय आवडलं ते तर विचारा.

आई: ती माणसं एकमेकांना इतकं लागेल असं बोलतात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलाशी जेवायला बसतात. आणि नाटकासारखं आहे. एक दिवाणखाना, एक स्वयंपाकघर. दार वाजलं की आता कोण आलं म्हणून मी सरसावून बसायचे. सासू तर दार वाजवतही नाही.

आत्या: मला त्यातलं मागचं हसणं सहन होत नाही, वहिनी. कुठे हसायचं ते आपल्याला कळत नाही का?

दादा: आत्या, रेमंडमध्ये स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवून चित्रीकरण करायचे. ही पद्धत १९५१ च्या 'आय लव्ह लूसी'ने रुजवली. तीन फिल्म कॅमेरे एकदम चालू, समोर प्रेक्षक, आणि प्रसंग नाटकासारखा सलग. हशा आला की नट थांबतो आणि हशा पुरता ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकतो. सासूचं, म्हणजे मारीचं काम करणाऱ्या डोरिस रॉबर्ट्सचा चेहरा बघ त्या थांबलेल्या वेळात. ती काही बोलत नाही, नुसतं सुनेच्या ओट्याकडे बघते आणि दुसरा हशा येतो. समोर माणसं नसती तर ते जमलं नसतं. तू म्हणतेस ते डब्यातलं, आधीच भरून ठेवलेलं हसणंही असायचं, नाही असं नाही. चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरने त्यासाठी यंत्रच तयार केलं होतं, वेगवेगळ्या तऱ्हेची हसणी भरलेलं.

आत्या: खरी माणसं असतील तर माझी तक्रार नाही. पण मला २००० साली आलेलं 'माल्कम इन द मिडल' जास्त भावतं. त्यात मागे कुणी हसत नाही. चार मुलांची आई घर दणाणून ओरडत असते आणि हसायचं की तिच्यासाठी वाईट वाटून घ्यायचं, ते आपलं आपण ठरवायचं.

मी: हसणं असो की नसो, माझ्या मते ही मालिका चालते ती भांडणाचं कारण किती लहान ठेवता येतं त्यावर. सुटकेसचा भाग आठवतो ना सगळ्यांना? 'बॅगेज' नाव आहे, २००३ चा. रे, म्हणजे रेमंड, आणि त्याची बायको डेब्रा दोन दिवस बाहेरगावी जाऊन येतात आणि सुटकेस जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवून देतात. ती वर कुणी न्यायची एवढाच प्रश्न. तो म्हणतो ती नेईल, तिला वाटतं याने न्यावी. तीन आठवडे! दोघं रोज तिला वळसा घालून वरखाली करतात. कुणी एक शब्द काढत नाही. तो शेवटी तिला उघडायला लागावी म्हणून आत वास मारणारं चीज ठेवतो.

आता बघा, या भांडणात पैसा नाही, परका माणूस नाही, आजारपण नाही. पण त्या सुटकेसमध्ये त्या दोघांचा अख्खा संसार आहे. घरातलं कोण जास्त करतं, कुणाचं केलेलं दिसतं, कुणाचं दिसत नाही. मग मारी येऊन डेब्राला आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या त्या मोठ्या लाकडी काट्या-चमच्याची गोष्ट सांगते. आपण इतके भाग तो काटा-चमचा शोभेची वस्तू म्हणून बघत आलो आणि कळतं की तीही एका जुन्या भांडणाची खूण आहे. तुमच्या सुटकेसचा असा काटा-चमचा होऊ देऊ नका, म्हणते. एरवी हिच्या तोंडून सुनेला एक चांगला शब्द नाही, आणि इथे ती आपल्या चाळीस-एक वर्षांच्या संसारातलं दुखणं तिच्या हातात ठेवते. मला तिथे हसता हसता भरून आलं होतं. लेखक टकर कॉली यांना या भागासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला आणि ती सुटकेस मुळात त्यांच्या स्वतःच्या घरातली होती.

काकू: आणि सल्ला मिळूनही ते सुधारत नाहीत! शेवटी दोघंही सुटकेस न्यायला धावतात आणि मीच नेणार म्हणून जिन्यातच झोंबाझोंबी. तेच मला आवडलं. अर्ध्या तासात, जाहिराती वगळल्या तर २२ मिनिटांत, माणूस कुठे बदलतो?

वहिनी: मला एक बोलायचं आहे, आई-बाबा गैरसमज करून घेऊ नका. ही मालिका मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू येत नव्हतं. डेब्रा कितीही चांगलं रांधो, मारी डबा घेऊन हजर. तिचा नवरा मधे उभा राहून दोन्हीकडे हो म्हणतो. मला वाटायचं, हे लोक डेब्राला हसताहेत. दुसऱ्यांदा बघताना कळलं की डेब्राला लेखकांनी एकटं पाडलेलं नाही. ती उलट बोलते, आवाज चढवते, चुकतेही. तिला सोसणारी गुणी सून केलं असतं तर मी दहा भागांच्या पुढे गेले नसते.

आई: गैरसमज कसला. मीही डेब्राच्याच बाजूने होते.

आत्या: याची हिंदी केली होती ना? 'सुमित संभाल लेगा'. २०१५ ला स्टार प्लसवर. वर्षभरही टिकली नाही. चांगली नटमंडळी होती, तरी मला ती रेमंडसारखी धरून ठेवत नव्हती.

दादा: मला वाटतं त्याचं कारण रस्त्यात आहे. रेमंडमध्ये आईवडील समोरच्या घरात राहतात. मधे फक्त रस्ता. इथे अमेरिकेत मुलगा मोठा झाला की बहुतेक वेळा वेगळा राहतो. त्यामुळे चाळिशीच्या मुलाच्या घरात आई न विचारता शिरते आणि फ्रीज उघडते, इथेच इथल्या प्रेक्षकाला धक्का बसतो. आपल्याकडे सासू स्वयंपाकघरात आली तर ती आपल्याच स्वयंपाकघरात आलेली असते.

वहिनी: हे तू मुलाच्या बाजूने बोलतोयस. सुनेला तो धक्का दोन्हीकडे सारखाच बसतो. आपल्याकडे तो बोलून दाखवायची सोय नव्हती, एवढंच.

दादा: हे मान्य. हे मला सुचलं नव्हतं.

काका: 'ऑल इन द फॅमिली'चं नाव कुणी कसं घेत नाही? १९७१, नॉर्मन लिअर. त्याच्याशिवाय यातलं काही झालं नसतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर, काळ्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल वाटेल ते बोलणारा. घरात जावई शिकलेला, नव्या विचारांचा. दोघं एका छपराखाली. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना लोक हे टीव्हीवर बघत होते आणि सलग पाच सीझन ती मालिका अमेरिकेत पहिल्या नंबरवर होती. आर्चीची बसायची एक खुर्ची आहे, जावई तिच्यात बसला की उठवतो. ती खुर्ची आणि शेजारची एडिथची खुर्ची १९७८ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाने मागून घेतल्या.

आणि पुढच्या मालिकेत, १९८० साली, एडिथ गेलेली दाखवली. तिचं मरण दाखवलं नाही. आर्ची झोपायच्या खोलीत येतो आणि त्याला तिची एक सपाता सापडते. आयुष्यभर बायकोला गप्प बस म्हणणारा तो माणूस ती सपाता हातात धरून बसतो. मी तो प्रसंग यूट्यूबवर पाहिला आणि नंतर बराच वेळ काही बोललो नाही. काकूला विचारा.

काकू: हो. चहा गार झाला होता यांचा.

मी: सुटकेस, काटा-चमचा, खुर्ची, सपाता. काका, मला हेच म्हणायचं होतं. माणसांना जे बोलता येत नाही ते घरातल्या एखाद्या वस्तूवर जाऊन बसतं, आणि या मालिकांचे चांगले लेखक ती वस्तू बरोबर शोधतात.

बाबा: 'फ्रेझर'. खुर्चीचा भाग. पहिला सीझन.

मी: बाबा, नीट लिहा ना. सगळ्यांनी नाही पाहिलेली.

बाबा: मुलगा मानसोपचारतज्ज्ञ, सिअ‍ॅटलला उंच इमारतीत महागडं सामान. वडील निवृत्त पोलीस, गोळी लागून पाय अधू झालेला, म्हणून मुलाकडे राहायला आलेले. येताना स्वतःची जुनी खुर्ची घेऊन आलेले. चिकटपट्ट्या लावलेली. मुलाला ती दिवाणखान्यात खुपते. तो नवी आणतो, उत्तम, तिच्यापेक्षा महाग. वडील म्हणतात, माणूस चंद्रावर उतरला ते मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. नातू झाल्याचा तुझा फोन आला तेव्हा तिच्यातच होतो. टीव्हीसमोर झोप लागली की तुझी आई मला तिच्यातच उठवायला यायची. मुलगा मग ती जुनी खुर्ची शोधायला निघतो. एवढंच.

आत्या: अण्णा, तुम्ही ग्रुपवर इतकं मोठं आजवर कधी लिहिलं नव्हतं.

काका: पण अण्णा, ही कौटुंबिक मालिका म्हणायची का? लहान मुलं नाहीत, आई नाही.

बाबा: बाप आणि दोन मुलगे आहेत. कुटुंबच आहे.

चिऊ: मी पण लिहू? आजी, तू 'यंग शेल्डन' बघणार असशील तर पुढचं वाचू नकोस. टेक्सासमधलं घर आहे. शेल्डनचे बाबा जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, कारण तो मोठा झाल्यावरची मालिका आधी आली होती. तरी २०२४ मध्ये तो भाग लागला तेव्हा मी खूप रडले. सकाळ असते, ते कामाला निघतात, नेहमीसारखं येतो म्हणतात आणि कुणी नीट मान वर करून बघतही नाही. मग दारात माणसं येतात. नंतर शेल्डन घरी बसल्या बसल्या तीच सकाळ मनात पुन्हा पुन्हा आणतो. आपण तेव्हा वेगळं काय करू शकलो असतो ते बघतो. मला वाटतं, सात सीझन त्या घरात रोज सकाळी लोक असेच निघत होते म्हणून ते इतकं लागलं. पहिल्याच भागात दाखवलं असतं तर नसतं लागलं.

वहिनी: त्या दिवसापासून ही शाळेत जाताना बाबाला हाक मारून जाते. मला कारण आज कळलं.

दादा: मलाही.

आई: चिऊ, मी वाचलं गं सगळं. छान लिहिलंस.

आई: आता माझं एक. रेमंडच्या पहिल्याच भागात मुलगा आईला दर महिन्याला फळांची पेटी यायची सोय करून देतो. ती किती वैतागते! एवढ्या फळांचं मी करू काय, घरात ठेवू कुठे. सगळे हसत होते आणि मी एडिसनला तुझ्या सोफ्यावर गप्प बसले होते. तू दर महिन्याला ऑनलाइन सुकामेवा पाठवतोस ना, त्यातला बदाम अजून तीन किलो पडून आहे. अक्रोडाला जाळी लागली म्हणून मागच्या महिन्यात टाकून दिला. तू इतक्या आठवणीने पाठवतोस, नको म्हणायला जीभ रेटत नव्हती.

दादा: आई! अगं, तीन वर्षं पाठवतोय मी. एकदा तरी सांगायचंस.

आई: आज सांगितलं.

दादा: ती फळांची गोष्टही खरी घडलेली आहे, माहितीये? मालिका करणाऱ्या फिल रोझेंथालने स्वतःच्या आईवडिलांना अशीच पेटी भेट दिली होती.

आई: मग ती माउली मला भेटायला हवी होती.

दादा: या महिन्यापासून बंद करतो. त्याऐवजी काय पाठवू?

आई: काही नको. रविवारचा फोन जरा लांब कर. वीस मिनिटांत ठेवतोस.

दादा: करतो.

काकू: ताई, मूळ प्रश्न राहिला. 'मॉडर्न फॅमिली' सुरेख आहे, नंतर बघाच, पण ती मंडळी सुखवस्तू आहेत. मोठाली घरं, सुट्टीला हवाईला जातात. मी तुम्हाला 'द मिडल' सांगेन. इंडियाना राज्यातलं ऑर्सन नावाचं काल्पनिक गाव, हेक कुटुंब. नवरा दगडाच्या खाणीवर मॅनेजर, बायको गाड्यांच्या दुकानात विक्रीला, तीन मुलं. महिन्याचा शेवट जवळ आला की त्यांच्या बोलण्यात तो जाणवतो. ती दमून घरी येते आणि बाहेरून आणलेलं जेवण पिशवीसकट टेबलावर ठेवते, आणि मालिका तिला त्याबद्दल नावं ठेवत नाही. मधली मुलगी सू शाळेतल्या प्रत्येक संघासाठी नाव देते, कशातच निवड होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच हौसेने पुढच्याला नाव देते. त्या पोरीला कुणी हिणवलं की मी टीव्हीशी भांडते. नऊ सीझन आहेत. आणि एक गंमत आहे, ती सांगत नाही. पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

बाबा: लावतो. नऊ वाजता.

आई: जेवणं आज साडेआठलाच उरकली.

आई: अगं बाई! ही तर आपली डेब्रा!