१८०४ चा डॉलर: नाण्यांचा राजा की टाकसाळीचा तोतया?

पारखी_नजर
अमेरिकी संग्राहकांनी १८०४ सालच्या चांदीच्या डॉलरला ‘नाण्यांचा राजा’ करून ठेवलंय. मला तो राजा वाटत नाही, तोतया वाटतो.

फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १८०४ साली १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. पण ते आधीच्या सालांच्या साच्यांवर पाडलेले, म्हणजे त्यांच्यावर १८०४ हा आकडाच नव्हता. नंतर डॉलर पाडणं थांबलं, कारण नाणी देशात टिकेनात, पूर्वेकडच्या व्यापारात निघून जात. पुढे १८३४ मध्ये मस्कतचा सुलतान आणि सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा यांना नजराणा म्हणून नाण्यांचे संच द्यायचं ठरलं. टाकसाळीने दप्तर चाळलं, डॉलरची शेवटची नोंद १८०४ ची निघाली, आणि नव्या साच्यावर तीस वर्षांपूर्वीचं साल कोरलं! बाजारात फिरण्यासाठी यातलं एकही नाणं पाडलं नव्हतं. तरी सुलतानाकडचं मानलं जाणारं नाणं २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला गेलं.

त्यापेक्षा १७९४ चा डॉलर बघा, अमेरिकेचा पहिला. एवढं मोठं नाणं नीट उठेल इतकी ताकदही त्यांच्या प्रेसमध्ये नव्हती, म्हणून बहुतेक नाण्यांवर डावीकडचे तारे पुसट आहेत. १५ ऑक्टोबर १७९४ ला १,७५८ नाणी टाकसाळीतून बाहेर पडली आणि लोकांनी ती वापरून झिजवली. नाणं म्हणावं तर याला.

गोदीकाठ
तोतयाला कोणीतरी फसावं लागतं. इथे फसलं कोण? सरकारचा हुकूम, सरकारचीच टाकसाळ, चांदी अस्सल. चूक झाली ती साल टाकण्यात.

आणि नाण्यावरच्या सालाबद्दल एवढं सोवळं असेल तर ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाच्या थेलरचं, म्हणजे चांदीच्या नाण्याचं, काय करणार? त्याच्यावर कायम १७८०. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुंबईच्या टाकसाळीनेही ते पाडले, तेही १७८० लिहूनच. त्यांना कोणी खोटं म्हणत नाही.

मुंबईचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नजराणे घेऊन निघालेलं ‘पीकॉक’ हे जहाज वाटेत मसिरा बेटाजवळ रुतलं होतं. मस्कतचा संच पोचता करून ते १८३५ मध्ये दुरुस्तीसाठी मुंबईला आलं. सयामच्या राजाचा संच तेव्हा जहाजावरच होता! तो बँकॉकला पोचला १८३६ मध्ये. हाच संच १९६२ मध्ये लंडनला उजेडात आला आणि या डॉलरच्या जन्माचं कोडं सुटायला मोठी मदत झाली. एवढा प्रवास केलेल्या नाण्याला तुम्ही बिनइतिहासाचं ठरवताय.

रुपया_आणा_पै
तुम्ही दोघंही सगळे १८०४ एकाच थैलीत टाकताय. नजराण्याच्या वेळचे आठ माहीत आहेत, त्यांच्यापुरतं गोदीकाठ यांचं पटतं. पण १८५८ च्या सुमाराला टाकसाळीतल्याच मंडळींनी संग्राहकांची भूक पाहून गुपचूप आणखी पाडले. त्यातला एक तर १८५७ च्या स्विस थेलरवर ठसा मारून केलाय, खालची मूळ नक्षी अजून डोकावते. तो स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याची कड कोरी राहिली. बाकीच्यांच्या कडेवर अक्षरं उठवून ते जुने भासवले.

हे सरळसरळ लबाडीचं काम. आपल्याकडे मुंबई टाकसाळीचे जुन्या साच्यांवरचे रीस्ट्राइक, म्हणजे मागाहून पुन्हा पाडलेली नाणी, लोक रीस्ट्राइक म्हणूनच घेतात, भावही तसाच देतात. तिकडे मात्र या मागल्या दारच्या मालालाही लाखो डॉलर मोजतात. त्या मालापुरता ‘तोतया’ शब्द राहू द्या.

चिंचपेटी
पारखी, तुमचा १७९४ केव्हाच गादीवर बसलाय की! जानेवारी २०१३ मध्ये एक नाणं १ कोटी १६ हजार ८७५ डॉलरला विकलं गेलं. त्याआधी कुठल्याच नाण्याने एक कोटीचा आकडा ओलांडला नव्हता.

पण गंमत बघा. तुम्ही कौतुक करताय झिजलेल्या नाण्याचं, आणि एवढा भाव आला तो जवळजवळ न हाताळलेल्या, लख्ख नाण्याला. ते खास जपण्यासाठीच पाडलं असावं असं कित्येक जाणकार मानतात. मग नजराण्यात आणि त्यात फरक कितीसा?

पारखी_नजर
फरक आहे. ते एक नाणं जपलं असेल, पण त्याच्या सोबतची गल्ल्यात गेली. १८०४ ला अशी भावंडंच नाहीत. थेलरचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे: साल काही का असेना, इथिओपियापासून अरबस्तानापर्यंत लोक ते मोजून घेत होते, त्यावर व्यवहार चालत होते. रुपया_आणा_पै यांचा मुद्दा मात्र जबर आहे. स्विस नाण्यावर ठोकलेल्या त्या प्रकाराबद्दल कोणी बचाव करणार असेल तर ऐकायला आवडेल.

गोदीकाठ
त्याचा बचाव मी तरी करणार नाही. पण ‘बाजारात फिरलं तरच नाणं’ हीच कसोटी असेल, तर टाकसाळीचे प्रूफ संच, म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेली नाणी, एकजात बाद. तुमच्याकडे असतील ते चांदीच्या भावात काढा, पुढच्या रविवारी येऊन घेऊन जातो.