लग्नानंतरचा पहिला नाताळ: दोन घरे आणि एक दिवस

प्रश्न: मे महिन्यात आमचे लग्न झाले. 24 डिसेंबरच्या रात्री जालन्यात उपासना, 25 ला पत्नीच्या माहेरी छत्रपती संभाजीनगरला जेवण आणि मधल्या वेळात फराळ. या धावपळीत दोघांनी मिळून देवाची उपकारस्तुती करावी तरी कधी?

उत्तर 1: अंतर साधारण 60 किलोमीटर आहे, त्यामुळे सकाळची उपासना आटोपून निघालात तरी वेळेत पोहोचाल. करंज्या मात्र 22 लाच तळाव्यात. आमच्या पहिल्या नाताळात सारण ओले राहिले आणि निम्म्या कढईतच फुटल्या.

उत्तर 2: पहाटे, चहाआधी, बायबलमधील स्तोत्र 103 वाचावे; देवाचे उपकार विसरू नयेत, हाच त्याचा आरंभ आहे. आम्ही ते पिठाच्या हातांनी वाचले होते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. जेवण दोन वाजता ठेवावे, अशी सासूबाईंना आजच विनंती करतो.